तिसरा खटका

राजाचा छाप असलेलं पोस्टकार्ड अमरावतीहून आलं, तेव्हा मी दारात बसून बँडमधला माझा हॉर्न पुसत होतो. रहीमचाचा गेले... पुढचं वाचवेना. पितळेत माझंच तोंड लांबट होऊन हलत राहिलं.

चाचा कुलपं दुरुस्त करणारे. बँडशी त्यांचा काय संबंध! पण दिवसा मी कापसाच्या जिनात कामाला होतो, तिथे डाव्या हाताचं बोट यंत्रात सापडून वाकडं झालं आणि हॉर्नच्या, सूर बदलायला दाबायच्या, तिसऱ्या खटक्यापर्यंत पोचेना. बँडमास्तरांनी माझ्या जागी दुसरा माणूसही पाहून ठेवला. हॉर्न सुटल्यावर जगलो असतो म्हणा, पण कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. कुणीतरी चाचांचं नाव सुचवलं, म्हणून बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेलो.

त्यांनी मला पाटावर बसवलं, मऊ मेणाच्या गोळ्यावर बोटं टेकवायला लावली आणि वाकडं बोट जिथे आपसूक थांबलं तिथवर खटक्याची पट्टी वाकवून आणली. झकास वाजलं! पहिल्याच वरातीत मात्र फजिती. चार पावलं टाकली की बोट घसरायचं. मास्तर असे पाहत होते की... जाऊ द्या.

तणतणत परत गेलो. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "माहीच चूक झाली, भाऊ. मी बसवून माप घेतलं, तुमी तं चालून वाजवता."

पुढच्या वरातीला ते स्वतः अकोल्याला आले. जठारपेठेतून माझ्यासमोर उलटे चालत राहिले, नजर बोटावर. ऊन कललेलं, अत्तराचा वास, धूळ तरंगत असलेली... नवरदेव कोण होता, आठवत नाही. मागे मागे सरकणारे चाचाच अजून दिसतात. पाहुण्यांना ते वेडे वाटले असणार. वरात थांबली तशी त्यांनी खिशातून पकड काढून पट्टी जरा वळवली. बोट बसलं, ते बसलंच. वर म्हणाले, "हे बोट आनखी वाकन. तवा पुढचा खटका करून देईन." मला रागच आला. असं कुणी तोंडावर बोलतं का?

कार्ड आल्यावर चाचींना भेटून आलो. त्यांनी फडक्यात बांधलेली पितळी पट्टी माझ्या हातावर ठेवली. आजारपणात, उशाला पकड घेऊन केलेली. अकोल्याच्या भाऊले द्या, एवढंच सांगून ठेवलं होतं म्हणे. मी तिथेच रडलो.

घरी लावून पाहिली. आताच्या खटक्याहून ती जास्त वळलेली आहे. हॉर्नच्या पेटीत ठेवली आहे. रोज सकाळी वाजवण्याआधी बोट तिच्यावर टेकवून पाहतो... अजून नाही, चाचा.