दोन शहरांच्या दोन फायली

माझ्या धाकट्या भावाचे डोके तीन आठवडे दुखत होते. तो मेंदूच्या आवरणाचा आजार आहे, हे आम्हांला इतक्या उशिरा का कळले? हा प्रश्न मी स्वतःला फार दिवस विचारते आहे. उत्तर लिहून काढल्याशिवाय मला पटत नाही. शाळेत शिकवण्यात आयुष्य गेले, त्याची ही सवय.

भाऊ बडनेऱ्याजवळ झेंडू पिकवतो आणि अमरावतीच्या बाजारात स्वतः बसून विकतो. एकटाच राहतो. त्याला एचआयव्हीची लागण असल्याचे फक्त मला ठाऊक होते. अमरावतीत गोळ्या मोफत मिळत असताना त्याने नाव अकोल्याला नोंदवले.

"इथच्या रांगेत गिऱ्हाईक भेटलं तं? माह्या हातचा हार मंग देवाले कोन घालन?"

तेव्हा त्याला समजावायला हवे होते. मी दोन फायली केल्या. निळी अकोल्याची, गोळ्यांची. पिवळी अमरावतीची: सर्दी, दात, चष्मा. निळी फाइल अमरावतीत उघडायची नाही, हा नियम माझा, आणि मी तो काटेकोर पाळला.

दसरा-दिवाळीच्या हंगामात त्याच्या अकोल्याच्या खेपा चुकल्या आणि गोळ्या संपल्या. त्याने सांगितले नाही. निळ्या फाइलीतले रिकामे रकाने मीही पाहिले नाहीत.

दिवाळीनंतर डोके दुखू लागले. राजापेठेतल्या डॉक्टरांकडे आम्ही पिवळी फाइल घेऊन गेलो.

"आणखी काही आजार?" त्यांनी विचारले.

भावाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "नाही."

त्यांनी आधी ऊन म्हटले, नंतर सायनस, नंतर चष्म्याचा नंबर. ताप जेमतेम होता, मान ताठ नव्हती. त्यांच्यापुढे जे ठेवले, त्यावरून त्यांनी ठरवले.

"ताई," भाऊ म्हणायचा, "तुह्या शाळेतल्या पोट्ट्यायले मधली सुट्टी तरी होती. हे डोकं सुट्टीच देऊन नाई रायलं."

तिसऱ्या आठवड्यात तो केशरी आणि पिवळा झेंडू एकाच टोपलीत टाकू लागला. विचारले तर म्हणाला, रंग नीट कळत नाहीत आणि एका फुलाची दोन दिसतात. मी दोन्ही फायली पिशवीत घातल्या आणि त्याला घेऊन अकोल्याची गाडी धरली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फायली टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या. बराच वेळ दोन्हींतल्या तारखा पाहिल्या.

"अमरावतीच्या डॉक्टरांना हे सांगितलं होतं?"

"नाही," मी म्हणाले. शाळेत मुले असेच उत्तर देत, जमिनीकडे बघून.

पाठीतले पाणी तपासावे लागेल, असे त्या म्हणाल्या. तपासणीच्या पलंगावर आडवा झालेला भाऊ उठूनच बसला. "पाठीतलं पानी काढलं का मानूस लुळा होते म्हन्तात."

"कोण म्हणतं?"

"सारेच."

"मग साऱ्यांना बोलवा इथं. तोवर तुम्ही कुशीवर व्हा."

पाण्यात बुरशी सापडली. बाईंनी सांगितले ते मी तिथेच टिपून घेतले: एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या प्रौढांच्या मेंदूच्या आवरणात ही बुरशी सावकाश वाढते. पुष्कळदा नुसते डोके दुखते, दिवसेंदिवस जास्त. ताप चढण्याची किंवा मान ताठण्याची वाट पाहू नये.

पुढे सलाइनमधून औषधे चालली. डोक्यातला दाब उतरावा म्हणून पाठीतले पाणी पुन्हा पुन्हा काढले. भाऊ वाचला, चालतही घरी आला. मात्र उजवा डोळा गेला आणि डाव्याला रंग ओळखू येत नाहीत. आता सकाळी मी टोपल्या लावून देते, डावीकडे केशरी, उजवीकडे पिवळा. गिऱ्हाईक येते, हार घेते. त्याला काय झाले होते, हे त्यांतल्या काहींना कळले आहे. काही येईनासे झाले.

"ताई, आता एकच फाइल कर व," तो परवा म्हणाला. केली आहे. मला थकवा येतो, पण एकच फाइल वाहायला सोपी आहे.

मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. ऐकण्यात किंवा टिपण्यात माझी चूक झाली असेल. म्हणून वाचकांनी केवळ माझ्या शब्दावर विसंबू नये. एचआयव्हीच्या गोळ्या जिथे मिळतात त्या जवळच्या एआरटी केंद्रात जाऊन स्वतः विचारावे आणि तपासून पाहावे.