मुक्या मशीनचा नकाशा

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा रेल्वेच्या डिझेल शेडमधून निवृत्त झालेले फिटर, आणि मी नव्या राजधानीत उभ्या राहणाऱ्या इमारतींची चित्रं घरबसल्या कॉम्प्युटरवर बनवणारी. पाया खणायच्या आधी इमारत कशी दिसेल, काचेवर ऊन कसं पडेल, ते मी दाखवायची. त्या कामात मशीन तापायचं, आणि तापलं की त्याचे पाच पंखे अशा शिट्ट्या घालायचे की विचारू नका. त्यात उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ. दर आठवड्याला पुसा, तरी पात्यांवर थर.

दिवाळीच्या तोंडावर बाबा न्हाणीत घसरले. पलीकडच्याच खोलीत मी होते. त्यांनी हाका मारल्या, आणि त्या शिट्ट्यांमध्ये मला एकही ऐकू आली नाही. चहाचं विचारायला उठले, तेव्हा ते भिंतीला टेकून फरशीवर बसलेले. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा दुखावला तो दुखावलाच. "किती वेळ झाला?" मी विचारलं. "आत्ताच तर," म्हणाले. खोटं. बादलीतलं कढत पाणी पार गार झालं होतं. मला माझीच इतकी चीड आली की मशीन उचलून आपटावंसं वाटलं. पण त्याच्यावरच माझं काम होतं, म्हणून आपटलं नाही. मुकं करायचं ठरवलं.

बेत साधा होता. मशीन पंख्यांऐवजी पाण्यानं गार करायचं. आतल्या तापणाऱ्या भागांवर तांब्याचे ठोकळे बसवायचे, त्यांतून नळीनं पाणी फिरवायचं, गरम झालेलं पाणी मागच्या कोठीत नेऊन रेडिएटरमध्ये गार करायचं आणि परत आणायचं. पंप, पंखे, जे काय ओरडायचं ते कोठीत ओरडेल. आणि हे सगळं गुपचूप. "तुमच्यासाठी करून राहिली" म्हटलं असतं तर बाबांनी नळ्या उपटून फेकल्या असत्या. त्यांना सांगितलं, मशीनची तब्येत बरी नाही.

नकाशा मी मोठ्या ऐटीत काढला. रेडिएटर ठेवला खिडकीतल्या कूलरच्या तोंडाशी. रायपुरात मार्च लागला की माणूस, कुत्रं, टरबूज, सगळं कूलरसमोर. मग रेडिएटर काहून नाही? बाबांनी कागद चष्म्याजवळ नेला.

"हे कोणत्या गाढवानं काढलं?"

"मी."

"मग बरोबर हाय. कूलरच्या जाळीवर पांढरं काय साचते, पाह्यलं का कधी? पाण्यातला खार हाय तो, बाई, हवेसंगं उडते. एका उन्हाळ्यात तुह्या रेडिएटरच्या फटी बुजतील. अन् कूलर चार महिने चालते. बाकीचे आठ महिने मशीन काय उपास धरन?"

तळपायाची आग मस्तकात गेली, कारण म्हातारा बरोबर होता. मी कागद टराटरा फाडला आणि दुसरा त्यांच्या पलंगावर बसून काढला. त्यांनी रेडिएटर कोठीच्या उत्तरेकडच्या झरोक्याशी नेला, नळी कपाटामागून घेतली, पाण्याची टाकी सगळ्यात वरच्या फळीवर चढवली. "हवा वर जाते. तिले वाट दे, नाहीतर पंप घुरघुरत बसन." इंजिनं गार ठेवण्यात उभा जन्म गेलेला माणूस. पडल्यापासून ते गप्पगप्पच असायचे. त्यांच्याकडून असं टाकून बोलून घ्यायला मला फार बरं वाटत होतं.

टाकी गोल बाजारातल्या भांडेवाल्याकडून करून घेतली. स्टीलचा उभा डबा, त्याला खाली-वर दोन तोट्या. "दीदी, इसमें घी रखोगी कि तेल?" त्यानं विचारलं. "कंप्यूटर का पानी," मी म्हटलं. तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग मान डोलावून "हव" म्हणाला आणि कामाला लागला. कोठीत लोणच्याच्या बरण्यांशेजारी तो डबा असा मिसळून गेला की आल्यागेल्याला संशय येऊ नये.

सगळं जोडून झाल्यावर मला लगेच मशीन सुरू करायचं होतं. बाबांनी हात धरला. शेडचा कायदा: मशीन बंद, नुसतं पाणी फिरवायचं, प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि एक अख्खा दिवस वाट पाहायची. मी चरफडले. दुपारी कपाटामागच्या कागदावर रुपयाएवढा ओला डाग दिसला. तो जोड मशीनच्या आत असता तर सगळं स्वाहा! बाबांनी नळीच्या जोडावरची पट्टी एक आटा आवळली आणि संध्याकाळपर्यंत भाव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं आणि त्याला सगळ्यात जड चित्र दिलं, एका काचेच्या इमारतीचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. आवाज नाही! जीव भांड्यात पडला. गल्लीतला भाजीवाला कोणाशी भांडतोय, ते शब्दन् शब्द ऐकू येत होतं. आता बाबांनी नुसतं "अं" केलं तरी कळेल, म्हणून मी ताठ बसले.

कळलं ते वेगळंच. भिंतीवर तळहात घासल्याचा आवाज. मग थांबणं. मग दम टाकणं. पुन्हा घासणं. उठून पाहिलं, तर बाबा दुखरा पाय ओढत, भिंत धरून न्हाणीकडे चालले होते. कपाळ घामानं भिजलेलं.

"हाक काहून नाही मारली?" मी ओरडलेच.

"आता कुठं मारत असतो? तुले ऐकू येत नाही ना," ते म्हणाले. "सवयच मोडली."

तक्रार नव्हती त्यात, तेच जास्त लागलं. दिवाळीपासून रोज, माझ्यापासून दहा पावलांवर, हा माणूस असाच एकटा जात होता, आणि मी नकाशे काढत बसले होते. रडू आलं. मग राग आला, आणि रागात मी बरी चालते. त्यांना धरून न्हाणीपर्यंत नेलं, परत आणलं, पलंगावर बसवलं. माझ्या खुर्चीत जाऊन बसले आणि तिथूनच म्हटलं, "मारा हाक."

"काहून? काम तर झालं."

"हे मशीन तुमच्यासाठीच मुकं केलं, बाबा. मारा."

आधी खाकरणं, आणि मग अगदी बारीक, चाचरत, "बाई..."

"आलं ऐकू," मी म्हटलं. "आता जोरानं."