मागे काय आहे?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणी भिंतीत खिळा ठोकायला घेतला की तावडेकाका न बोलावता हजर व्हायचे. भिंतीवर टिचकी मारायची, कान लावायचा आणि विचारायचं, "मागे काय आहे?" मागे कधी वायर निघे, कधी नळ, एकदा तर शेजारच्या जोशीबाईंचा देव्हारा निघाला. आवारात क्रिकेट सुरू झालं की काका बॅट्समनकडे बघायचेच नाहीत, त्याच्या पाठीमागे कुणाची खिडकी येते ते आधी बघायचे. पोरांनी त्यांचं नाव 'मागेकाका' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नसे.

घाटकोपरच्या एका बंदुकांच्या दुकानात ते चाळीस वर्षं काउंटरवर उभे होते. बुटकी मूर्ती, खिशाला दोन पेनं, आवाज देवळातल्या पुजाऱ्यासारखा मऊ. "जन्मभर काडतुसं विकली, पण घरात झुरळ निघालं तर सुपलीत घेऊन बाहेर सोडतात," असं काकू हसत सांगायच्या.

एकदा मी दुकानात बसलो असताना अंधेरीचा एक तरुण आला. गॉगल डोक्यावर, परवाना हातात. "काका, हरीण-डुक्कर दोन्ही एका फटक्यात आडवं होईल असं द्या ना. सगळ्यात मोठं!"

काकांनी चष्मा काढून पुसला. "हरणाचं नाव परत काढू नकोस. परवाना जाईल आणि तूपण आत जाशील. डुकराची परवानगी वनखात्याकडून आणलीयस?"

"ते होईल यार, काका."

"होईल तेव्हा ये. आणि येताना एक ठरवून ये. डुक्कर कुठे पडेल ते मला नको सांगू, गोळी कुठे पडेल ते सांग."

"म्हातारं सटकलंय," म्हणत तो निघून गेला. मालक आतून डोळे वटारत होते. काका शांतपणे खोकी पुन्हा लावत राहिले.

पुढे माझ्यावरच ती पाळी आली. निवृत्त झाल्यावर मी भाताच्या दिवसांत गावी, कुडाळजवळ, राहू लागलो. वडिलांच्या पश्चात शेतीसंरक्षणाचा परवाना माझ्या नावावर झाला होता. त्यावर दोन हत्यारं होती, जुनी बाराबोअर दुनळी बंदूक आणि एक रायफल. त्या वर्षी डुकरांनी अर्धं शेत नांगरल्यासारखं उलटं केलं. परवानगीचा कागद हातात आला तसा मी काकांकडे गेलो आणि रायफलची दहा काडतुसं मागितली.

"शेताला लागून काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तात्याचं शेत. तो रात्री राखणीला मांगरात झोपतो. कुडाची झोपडी आहे, दीडशे पावलांवर."

"मग रायफल विसर. बाराबोअरची घेऊन जा, जाड छर्ऱ्यांची. शेतात माळा बांध, वर बस, डुक्कर तीस पावलांवर येऊ दे आणि खाली मार. मागे माती दिसली तरच चाप ओढायचा. रायफलची गोळी डुकरात थांबत नाही रे, ती पुढे घर शोधते."

मी म्हटलं, तीस पावलांपर्यंत येतंय कोण? त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "कणकवलीकडचा एक जण असाच आला होता. मीच छाती फुगवून सांगितलं, मोठं घे, आडवंच पडेल. पडलं. पण डुक्कर उठवायला हाकाऱ्याला गेलेल्यांत त्याचा धाकटा भाऊ होता, झुडपापलीकडे."

"तो परत आला कधी?"

"आला ना. उरलेली काडतुसं परत द्यायला. मोजून काउंटरवर ठेवली आणि गेला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

मला वाईट वाटलं, पण डोक्यात शेत होतं. काकांकडून छर्ऱ्यांची काडतुसं घेतली आणि दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या एका दुकानातून रायफलची दहा घेतली.

माळ्यावर चार रात्री बसलो, डास सोडून कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी पहाटे, उजाडता उजाडता, खाली उतरून बांधावर उभा होतो. भातावर धुकं होतं. शंभरेक पावलांवर भात हललं आणि मोठा सुळेवाला बाहेर आला. रायफल खांद्याला कधी लागली ते कळलं नाही. काकांचा प्रश्न मनात आला, खोटं कशाला बोलू? आला आणि मी तो बाजूला सारला. मागे नुसतं धुकं दिसत होतं.

डुक्कर जागीच कोसळलं. मी ओरडलोसुद्धा आनंदाने. मग धुकं थोडं सरलं आणि त्याच्या बरोबर मागे तात्याचा मांगर दिसला.

"तात्या!" मी ओरडलो. पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. ती दीडशे पावलं मी कशी चाललो ते मला आठवत नाही. कुडाला बोटभर भोक पडलं होतं. आत कांबळं अंथरलेलं, उशाची चिंध्यांची वळकटी फाटून पसरलेली. मी तिथेच खाली बसलो.

"मेल्या, डुकर पडलो काय रे?" पाठीमागून आवाज आला. ओढ्यावरून आलेला तात्या, खांद्यावर टॉवेल, तोंड ओलं. "मी व्हाळार गेल्लंय, तोंड धुवूक." मग त्याचं लक्ष उशाकडे गेलं. त्याने चिंध्या गोळा केल्या आणि घराची वाट धरली. त्या दिवसापासून माझ्या घरी चहाला आला नाही.

मुलुंडला परतलो तेव्हा काका जिन्यातच भेटले. डुक्कर मिळालं का, हे त्यांनी विचारलंच नाही. "मागे काय होतं?"

"माती," मी म्हणालो.

"माळ्यावरून?"

"माळ्यावरून."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. मी मान खाली घातली, त्यांना तो विनय वाटला असावा. खरं सांगायचं, सांगायचं म्हणत वर्ष गेलं. मग एका दुपारी दुकानात, काउंटरमागेच, त्यांना हृदयविकाराचा झटका आला.

दहाव्यानंतर भेटायला गेलो. काकू म्हणाल्या, "तुमचं नाव फार घ्यायचे हो. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की सांगायचे, आमच्या सोसायटीतले सावंत बघा, घरात रायफल असून माळ्यावर बसले. आणि घरी येऊन मला म्हणायचे, चाळीस वर्षांत एकाने तरी ऐकलं. हल्ली झोप लागायला लागली होती त्यांना."

मी चहा तसाच ठेवून उठलो. रायफल मी नंतर पोलिसांत जमा केली, परवान्यावरून ती कमी केली. त्याने काही फिटत नाही.

काका, माती नव्हती. मागे तात्याचा मांगर होता, आणि तात्या आत नव्हता यात माझं काहीच नव्हतं.