देवघरातला मासा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, देवांवर बेताचाच, आणि ‘मिल पुन्हा सुरू करू’ म्हणणाऱ्या पुढाऱ्यांवर तर मुळीच नाही. तरीही हे लिहितोय...

ताई आणि भाऊजी इंदूरला स्नेहलतागंजात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे; कॉलेजात शिकणारा मीही त्यांच्याकडेच. भाऊजी मिलमध्ये फिटर. माग बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरनं जाताना त्यांना एक लाकडी मूर्ती दिली होती — टोपीवाला हसरा बुवा, काखेत भलामोठा मासा. एबिसू, तिकडचा धनाचा देव. ती कपाटात पडून होती. मिल बंद पडली तेव्हा ताईनं बाहेर काढली.

“मासा आहे ना? मग मत्स्यावतारच!” म्हणत हळदकुंकू वाहून देवघरात बसवली.

दुसऱ्या दिवसापासून घरात मासळीचा वास. उन्हात पोट फुटून सडलेल्या मासळीचा. घर शुद्ध शाकाहारी! मी मूर्ती हुंगली आणि थेट मोरी गाठली. लाकूड मात्र कोरडं ठणठणीत. धुतली, वाळवली, डांबराच्या गोळ्यांत ठेवली... वास वाढतच गेला.

“फेकून दे ना, ताई.”

“देव फेकतात काय रे? बावळट!”

शेवटी घरमालक आले. सराफ्यात पेढी असलेले सेठजी, नाकाला रुमाल. “क्या भिया, मच्छी पका रहे हो? कमरे खाली करो!” जुने भाडेकरू काढायला त्यांना निमित्त हवंच होतं. ताईचा चेहरा पांढराफटक. पगार नाही, जाणार कुठे?

मी मूर्ती पुढे केली. “सेठजी, वास याचा आहे. जपानचा धनाचा देव.”

रुमाल खाली आला. “धन का? पक्का?” त्यांनी मूर्ती नाकाशी धरली, डोळे मिटले. “अरे, इसमें तो चंदन की खुशबू है!”

मूर्ती पेढीवर चांदीच्या मखरात गेली. खोल्या राहिल्या. वासही त्याच दिवशी गेला. पुढे सेठजींनी सांवेर रोडला गोदाम काढलं, भाऊजींना तिथं कामाला ठेवलं.

त्या दिवाळीला सेठजी स्वतः प्रसादाचे पेढे घेऊन आले. मी एक तोंडात टाकला... आणि जिभेवर तोच सडका, बुळबुळीत मासा.

“कैसा है, प्रोफेसर साब?” माझ्या कॉलेजावरून ते मला असंच चिडवायचे.

ताई माझ्याकडे रोखून पाहत होती. मी गिळला. “उत्तम.”

ते गेल्यावर मोरीकडे धावलो, तर ताई आधीच तिथं ओकत होती.

“तुलासुद्धा?”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “घर राहिलं ना? मग गप बस.”

बाहेर भाऊजी तिसरा पेढा खात होते. मजेत.

एकाच पेढ्याच्या या दोन चवींचा उलगडा मला आजवर झालेला नाही. पेढे मात्र दर दिवाळीला येतात.