सामाईक जीपचा गिअरबॉक्स

गाडीचा नुसता आवाज ऐकून रोग सांगणारा आमच्या लोहा गावात मी एकटाच मिस्तरी हाय. ह्याच जीपचा आवाज ऐकून मी म्हणलो होतो, "काई न्हाई, नवी क्लचप्लेट टाकली ना, बसायला टाइम लागतो." चौथ्या दिवशी ती ट्रॅक्टरला बांधून माझ्या दारात आली.

जीप दोघा भावांची. थोरला माधव, धाकटा बालाजी. वाटणीत वावर तुटलं, घरात भिंत आली. जीप काई कापता येईना, म्हणून ती सामाईक. एक आठवडा याची, एक आठवडा त्याची. बोलणं बंद. आता हातभर अंतरावर उभे, अन् बोलून राहिले माझ्या मार्फत.

"मिस्तरी, त्याला विचारा, दुसऱ्या गिअरात ताणून कोण पळवतं."

"मिस्तरी, त्याला विचारा, खताची पोती कोण लादतं."

मी लई बेजार झालो.

गिअरबॉक्स म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करून चाकाला देणारी पेटी. आत दाते असलेली चाकं. तीच जाम झाली होती. गाडी जुनी, नवा बॉक्स मिळत न्हाई. मी शहाणपणानं सांगितलं, खामखा खर्च करू नका, भंगारात द्या अन् सुटा. दोघांनी संगंच हो म्हणून मुंडी हलवली. वाटणीनंतर पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं, म्हणून मलाच भारी वाटलं.

त्यांची आई, गयामावशी, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली होती. ती तिथूनच म्हणली, "दुरुस्त कर. दर आयतवारी चावी द्यायला तरी एक दुसऱ्याच्या दारात जातो. जीप गेली की तेबी गेलं."

मी म्हणलो, उघडून बघतो, पण मला बोल लावू नका.

बॉक्सच्या बुडाला ऑइल सोडायचा बोल्ट असतो. खाली बादली लावून तो खोलला. थेंब न्हाई. आतले दाते जळून निळे पडलेले.

क्लचप्लेट बदलायची तर बॉक्स उतरवावा लागतो, ऑइल काढावं लागतं. काढलं मीच होतं. परत टाकायचं राहिलं. त्याच ऑइलचा सीलबंद कॅन कोपऱ्यात होता, अन् मी रोज त्याच्यावर चहाचा कप ठेवून राहिलो होतो.

बालाजीनं बादलीत बघितलं, मग माझ्याकडं, मग थोरल्याकडं.

"दादा, यानं ऑइलच टाकलं न्हाई."

"अन् मी तुला शिव्या देऊन राहिलो," माधव म्हणला.

मग त्या शिव्या दोघांनी मिळून मला दिल्या.

दुसरा जुना बॉक्स माझ्या पदरच्या पैशानं आणला. नांदेडच्या भंगारबाजारात तीन चकरा झाल्या. पहिल्या बॉक्सची भोकं जुळंनात, दुसऱ्याला रिव्हर्सच न्हाई. तिसरा बसला. ऑइल टाकताना दोघं भाऊ वाकून बघत होते. मावशीनं तर भोकात बोट घालून ऑइल लागतं का पाहिलं. तवापासून मी आधी ऑइल बघतो, आवाज मागून ऐकतो.

गाडी निघाली तवा माझ्यानं राहवलं न्हाई. "मावशी, कायबी म्हणा, माझ्यामुळं तुमची पोरं बोलायला लागली."

"हाव," मावशी म्हणली. "त्या दिवसापासून एकच बोलून राहिले, पुढच्या टायमाला गाडी कोणत्या मिस्तरीकडं न्यायची."