ओसरीवरचं कातड्याचं मशीन

मी सात वर्षांची असताना, आमचे पणजोबा कोकणातून उसाच्या मजुरीला आले त्या बेटावर पोलिओची साथ आली आणि माझा डावा पाय घेऊन गेली. पाय जागेवर होता, पण त्यात जोर नव्हता. पुढे इस्पितळातून दोन लोखंडी सळ्या आणि तीन चामडी पट्टे मिळाले. ते गुडघ्याच्या वर-खाली आवळून मी चालायला शिकले. आमच्या कांप दे मास्क गावात माझ्या वयाच्या पोरी आईबरोबर उसाच्या शेतात जायच्या. मला आई नव्हती, मी दोन वर्षांची असतानाच ती गेली होती, आणि शेतात जाण्याजोगा पायही नव्हता. मी घरी आत्याजवळ बसून हातमशीनवर पोलकी शिवायची.

छप्पन साली, मी अठरा वर्षांची असताना, त्या आधाराचा मधला पट्टा तुटला. बा मला बसने फ्लाकला, जवळच्या बाजारगावी, घेऊन गेले. तिथे बाजारामागच्या गल्लीत एक म्हातारे क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती, कारागीर राहायचे. पूर्वी ते साखर कारखान्याच्या घोड्या-खेचरांची खोगिरं शिवायचे. लॉऱ्या आल्या, खेचरं गेली, तेव्हापासून ते पिशव्या, बॅगा, पेट्या शिवू लागले. सगळे त्यांना मिस्ये, म्हणजे साहेब, म्हणायचे. आम्हीही तेच म्हणालो.

मिस्येंनी तुटका पट्टा हातात घेतला आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"हे कुणी शिवलंय?" त्यांनी क्रेओलीत, बेटाच्या बोलीत, विचारलं.

"इस्पितळातून आलंय," बा म्हणाले.

"शिवणाऱ्याने पायाकडे पाहिलंच नाही." त्यांनी सगळेच पट्टे उसवले आणि नवे बसवले. ते शिवत असताना मी मशीनकडे एकटक बघत होते. आमच्या घरच्या मशीनपेक्षा ते तिप्पट मोठं, काळं, लांब दांड्याचं होतं. सुई खिळ्याएवढी जाड. माझी नजर त्यांनी ओळखली असावी.

"पोरीला शिवण येतं का?"

"कपडे शिवते. पण मिस्ये, तिचा पाय..."

"माझ्या मशीनला एकच पाय लागतो," ते म्हणाले. "तिचा उजवा चांगला दणकट आहे. सगळं अंग तोच तर उचलतो. पाठवा तिला माझ्याकडे शिकायला."

माझ्या पायाबद्दल त्याआधी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. सगळे एकतर हळहळायचे, नाहीतर विषय बदलायचे.

घरी आल्यावर आत्याने आकाशपाताळ एक केलं. ती बांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आली आणि तिनेच मला वाढवलं. देवाची पूजा, सोवळं, उपास, घरातलं सगळं तिच्या हाती.

"कातड्याला हात लावणार ही? आणि त्याच हाताने देवाला फूल वाहणार?"

बा गणपतीत झाकरीच्या नाचगाण्याला ढोलकी वाजवायचे. ते म्हणाले, "अक्का, माझ्या ढोलकीला काय केळीचं पान मढवलंय?"

"ढोलकी देवाची असते. हिच्या पिशव्या काय देवाच्या आहेत?"

"मी मेल्यावर हिला कोण बघणार, ते तू सांग. मग नाही पाठवत."

आत्या उठून देवघरात गेली. दुसऱ्या दिवशी तिने मला तिचा नियम सांगितला. संध्याकाळी आल्यावर बाहेरच्या नळावर अंघोळ करायची, मगच घरात पाऊल टाकायचं. आणि देवाच्या फुलांना हात लावायचा नाही. लहानपणापासून रोज सकाळी जास्वंद मीच तोडून आणायची. ते काम बंद झालं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

पहिला दीड महिना मिस्येंनी मला दोराच दिला नाही. कातड्याच्या कातरणी द्यायचे आणि नुसती सुई चालवायला लावायचे. मग ती कातरण खिडकीच्या उजेडात धरायचे. भोकांची रांग उजेडात लखलख दिसायची, आणि कुठे वाकडी गेली, कुठे घाई झाली, तेही दिसायचं.

"दूसमां, तिफी," ते म्हणायचे. हळू, पोरी. "कापड उसवलं की विसरतं. कातडं विसरत नाही. एकदा भोक पडलं की ते तिथेच राहतं."

मशीनचा पायटा जड होता. तो दाबून दाबून उजवी मांडी रात्रभर ठणकायची. पण हळूहळू पायाला लय सापडली. मग कडा रापीने, कातडं तासायच्या सुरीने, पातळ कशा करायच्या ते शिकले, म्हणजे दुमडल्यावर जाड गाठ होत नाही. कोपऱ्यावर आलं की सुई आत रुतलेली ठेवून कातडं धरून ठेवणारा दाब उचलायचा, कातडं वळवायचं, मग पुन्हा दाब टाकायचा. जाड जागी पाय काढून घ्यायचा आणि चाक हाताने फिरवायचं. एकदा मी तसं केलं नाही. सुई मोडली आणि तिचं टोक माझ्या बोटात घुसलं.

मिस्येंची बायको आतून धावत आली. तिला मी मादाम म्हणायची. लहानखुरी, सतत काहीतरी गुणगुणणारी बाई. तिने चिमट्याने टोक काढलं, बोट बांधलं, आणि नवऱ्यालाच रागावली. दुपारी ती मला उकडलेला फणस द्यायची, आपला नव्हे, इथला, ज्याला फ्रियापेन म्हणतात तो, वर लोणी लावून. मी तो खायची. घरी हे सांगत नव्हते.

वर्षभराने मला पहिली आख्खी बॅग मिळाली. एका डॉक्टरची, काळी, वर तोंड उघडणारी. मी शेवटच्या कोपऱ्यात चूक केली. दाब उचलायच्या आधीच कातडं वळवलं आणि सगळी बाजू ओढली गेली. मिस्येंनी ती पाहिली. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी कातडं गुंडाळून बाजूला ठेवलं, तेवढंच दुसरं कापलं आणि माझ्यापुढे ठेवलं. ती बॅग मी दोनदा शिवली असं म्हणायला हरकत नाही. त्यानंतर कोपऱ्यात माझी चूक झाली नाही.

साठ सालच्या फेब्रुवारीत ते मोठं वादळ आलं. त्याबद्दल इथल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे एक गोष्ट आहे. आमचं गाव शाळेत जाऊन बसलं होतं. बांनी मला पाठीवर नेलं. वारा मध्येच थांबला, लोक बाहेर पडले, आणि मग तो उलट्या दिशेने फिरून आला. तेव्हाच सगळ्यांत जास्त पडझड झाली. आमच्या घराचा पत्रा गेला, एक भिंत गेली, आत्याची पोथी पाण्यात भिजून फुगली. ऊस तर सगळा आडवा झाला होता.

बस बंद होत्या. तिसऱ्या दिवशी बा चालत फ्लाकला गेले. मी दारात वाट बघत बसले. ते परतले तेव्हा डोक्यावरची टोपी त्यांनी आधी काढली, म्हणून मला कळलं.

"मादाम गेली गो," ते म्हणाले. "मागची भिंत अंगावर आली. मिस्ये आहेत, बहिणीकडे आहेत. बोलत नाहीत."

"पुरलं तिला?"

"हो. कालच."

आठवड्याने रस्ता मोकळा झाल्यावर बा मला बैलगाडीतून घेऊन गेले. दुकानाच्या जागी दगडमातीचा ढीग होता. मिस्ये बहिणीच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली बसले होते. मी त्यांच्यापुढे उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. त्यांची बहीण म्हणाली, "मशीन मातीखाली आहे. तो म्हणतो, राहू दे तिथेच." मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाली, "तू घेऊन जा. गंजून जाईल."

बा आणि गाडीवान दोघांनी खणून ते काढलं. चाक चिखलाने भरलेलं, पायट्याचा एक दांडा वाकलेला. गाडी आमच्या दारात आली तेव्हा आत्या पुढे आली.

"हे घरात येणार नाही."

"गोठ्यात ठेवतो मग," बा म्हणाले. आमचा गोठा वाऱ्यातून वाचला होता, गायही वाचली होती.

आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला आजही ती नजर आठवते. "गाईसमोर गाईचं कातडं शिवणार?"

बांनी मशीनची दोरी सोडायला घेतलेला हात मागे घेतला. मला तर रडूच आलं. शेवटी मशीन ओसरीवर राहिलं, देवघराच्या भिंतीपासून लांबच्या बाजूला, वर ताडपत्री बांधून. मी रॉकेल आणि जुन्या चिंध्या घेऊन चार दिवस त्याची साफसफाई केली. एकेक स्क्रू काढून पुसला. दांडा लोहाराने सरळ करून दिला.

वादळाआधी मिस्येंनी एका जमीन मोजणाऱ्या माणसाचं काम घेतलं होतं. त्याच्या दुर्बिणीच्या यंत्रासाठी गोल तळाची चामडी पेटी हवी होती. तो माणूस विचारत विचारत आमच्या दारी आला. पडलेल्या घरांच्या, शेतांच्या हद्दी मोजायच्या होत्या, त्याला पेटी लगेच हवी होती. मी हो म्हणाले. गोल तळ मी कधी शिवला नव्हता.

दोरा तीनदा तुटला. चौथ्यांदा नीट चालला असं वाटलं, पण उलटून पाहिलं तर खालून दोऱ्याचे सैल वेढे पडलेले. मी ताण बदलून पाहिला, बॉबिन काढून पाहिली, काहीच जमेना. तेव्हा तो तळ घेऊन मी बसने फ्लाकला गेले.

मिस्ये त्याच झाडाखाली होते. मी ते शिवण त्यांच्या मांडीवर ठेवलं. खूप वेळ त्यांनी हात लावला नाही. मग अंगठा टाक्यांवरून गेला, एकदा, परत एकदा.

"कुणी शिवलं हे?"

"मी."

"वाईट आहे."

"माहीत आहे."

"मशीनमध्ये माती आहे अजून. बॉबिनच्या खाली एक पातळ पट्टी असते, तिच्यात अडकलीय. ती तू काढली नसशील."

"नाही काढली. मला ठाऊकच नव्हती."

"मी दाखवली नव्हती," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम वाकडा झाला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांची बहीण दारात येऊन उभी राहिली, पण पुढे आली नाही. मीही हलले नाही. त्यांचं रडणं संपेपर्यंत मी सळ्यांमधला डावा पाय लांब करून जमिनीवर बसून राहिले.

दोन दिवसांनी ते पहिल्या बसने आमच्याकडे आले. ओसरीवर बसून त्यांनी ती पट्टी काढली, फुंकर मारली, पुसली आणि परत बसवली. तळ उसवून त्याच जुन्या भोकांतून हाताने कसं शिवायचं ते मला दाखवलं. त्यानंतर ते रोज येऊ लागले.

आत्या त्यांना माझ्या हाती चहा पाठवायची, पण वेगळ्या ग्लासात. तो ग्लास ओसरीच्या कोपऱ्यात, फळीवर असायचा. मिस्येंना ते पहिल्याच दिवशी कळलं असणार. चहा पिऊन झाला की ते स्वतः नळावर जायचे, ग्लास धुवायचे आणि दगडावर उपडा ठेवायचे. मला तिकडे बघवत नसे. तो ग्लास शेवटपर्यंत वेगळाच राहिला. हे लपवण्यात काय अर्थ आहे?

पण एक गोष्ट घडली, तीही सांगायला हवी. आत्याने भिजलेली पोथी पानं सुटी करून वाळवली होती. पानं लाटांसारखी झाली होती, तरी वाचता येत होती. एका दुपारी ती ओसरीवर आली. तिला क्रेओली फारशी येत नसे. हातात सुतळीचे दोन तुकडे होते, एक पोथीच्या लांबीचा, एक रुंदीचा. ते तिने मशीनच्या फळीवर ठेवले.

"मिस्ये," ती म्हणाली, आणि पुढचं माझ्याकडे वळून आपल्या भाषेत. "त्यांना विचार, कापडाचं जमेल का? पाणी आत जाणार नाही असं. कातडं नको."

मी सांगितलं. मिस्येंनी सुतळ्या उचलल्या आणि मान हलवली. जाड ताडपत्रीचा नवा तुकडा काढला. मग उठून नळावर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत. मशीनची फळी ओल्या फडक्याने पुसली. आणि डब्यातून सुयांचं न उघडलेलं पाकीट काढून आत्यासमोर धरलं.

"नेफ," ते म्हणाले. नवी. त्यांनी पाकीट तिच्यासमोरच फोडलं, मशीनमधली जुनी सुई काढली आणि कधीच कातड्यात न गेलेली ती सुई बसवली.

आत्या उभी राहून सगळं शिवण होईपर्यंत बघत होती. तयार झाल्यावर ते बासन तिने पदरात घेतलं. आभार मानले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून मिस्येंचा चहा माझ्या हाती पाठवायचं तिने बंद केलं. ती स्वतः घेऊन यायची आणि मिस्ये ग्लास धुऊन ठेवेपर्यंत दारात थांबायची.

अशी सहा वर्षं गेली. शाळेची दप्तरं, टपालवाल्याची थैली, सुतारांच्या हत्यारांच्या पेट्या, इंग्लंडला नर्स व्हायला निघालेल्या पोरींच्या बॅगा, सगळं त्या ओसरीवर झालं. मिस्येंची नजर कमी होत गेली. शेवटी शेवटी ते नुसते शेजारी बसायचे आणि मशीनचा आवाज ऐकून सांगायचे, "वरचा दोरा सैल कर." बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं.

सहासष्ट सालच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत ते गेले. बा आणि मी चर्चमध्ये गेलो. कधी उभं राहायचं, कधी बसायचं ते आम्हाला कळत नव्हतं. माझ्या पायाच्या सळ्या दर वेळी बाकाला लागून वाजायच्या. त्यांच्या बहिणीने मागे वळून पाहिलं आणि मला पुढे, आपल्या शेजारी बोलावलं. मी जाऊन बसले. तिथून सगळं दिसत होतं.

पुढच्या सोमवारी एक म्हातारा घोडागाडीवाला आमच्या अंगणात आला. काखेत मिस्येंच्याच टाक्यांचा जुना, फाटका खोगिराचा तुकडा होता.

"मिस्ये कुठे आहेत?"

"ली फिन अले," मी क्रेओलीत म्हणाले. ते गेले.

त्याने टोपी काढली. मग त्याने मशीनकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. त्याने तो तुकडा फळीवर ठेवला.

"घोडी तीच आहे," तो म्हणाला, "पण आता जरा बारीक झालीय."

"मग तिलाच बघायला हवं," मी म्हणाले, आणि मापाची पट्टी घेऊन त्याच्यामागे रस्त्यावर उभ्या घोडागाडीपाशी गेले.