कांस्यात न उतरलेला चेहरा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. 'पुतळ्यात जीव होता' वगैरे कमेंट टाकायची असेल तर कृपया पुढे वाचू नका. आधीच डोकं तापलंय माझं.

मी जळगावची, शिल्पकार. गेल्या वर्षी एका शेठनी फार्महाऊसच्या स्विमिंग पूलजवळ ठेवायला न्हाणाऱ्या बाईचा कांस्य पुतळा सांगितला. माझ्या माहेरी, पारोळ्याजवळच्या खेड्यात, शेजारच्या अक्का अजूनही परसातल्या दगडावर बसून लुगड्यासकट आंघोळ करतात. माझ्यासमोर तशा बसायला त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. "बठ्ठं आंग कर माय, पन तोंड मन्हं नको करजो. लोके वळखतीन."

मी हो म्हटलं... आणि त्यांचंच तोंड केलं! शेठना 'अस्सल गावरान फेस' हवा होता, आणि खरं सांगते, मलाही मोह झाला. शेठच्याच हट्टापायी पुतळ्याच्या अंगावरचं लुगडंही गेलं.

ओतकाम धुळ्याला, नानांच्या कारखान्यात. मेणाचा नमुना मी स्वतः तपासला, अगदी पापण्यांपर्यंत. साच्यातलं मेण वितळवून त्या जागी धातूचा रस ओतला. थंड झाल्यावर साचा फोडला, तर कानातल्या कुड्या आहेत, अंबाडा आहे – आणि चेहरा गुळगुळीत!

मी नानांवर जाम भडकले. "हवा अडकली असणार. काम नीट करता येत नाही का?"

"हवा अडकनी ते भोक पडस, ताई," नाना म्हणाले. "हाई ते कोनी हात फिराई दिन्हा तसं शे."

दुसऱ्यांदा ओतलं. पुन्हा तेच. शेठची पार्टी आठवड्यावर आलेली. तिरीमिरीत मी नव्या मेणावरचा चेहरा खरवडला आणि आरसा समोर ठेवून माझाच केला. तो मात्र उतरला... हनुवटीवरच्या तिळासकट.

शेठ खूश. आता त्यांचे पाहुणे तिच्या उघड्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढतात आणि मला टॅग करतात. "मॅडम, सेम टु सेम!" मस्तकात तिडीक जाते नुसती.

परवा माहेरी गेले. धुळ्यात काय घडलं ते मी गावात कुणालाच सांगितलेलं नाही, आणि अक्कांकडे साधा फोनही नाही. त्या ओट्यावर कापूस निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आते तुले कसं वाटस, माय?"

त्यांना कसं कळलं, ते दोन चेहरे कुठे गेले – मला माहीत नाही. नानांनाही नाही. अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं माहीत आहे.